घट्ट काय धरायचं, सैल काय सोडायचं : जुहूची धावपट्टी ते बर्फीवाला पूल

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, सवडीने वाचा. विषय ऐकायला रुक्ष आहे: मोठं काम कसं आखायचं आणि कसं पार पाडायचं. पण जुहू-अंधेरीकरांनी याकडे पाठ फिरवू नये. गेल्या काही वर्षांत आपल्या दाराशी जेवढं खोदलं, पाडलं आणि बांधलं गेलं, आणि पुढे जेवढं बांधलं जाणार आहे, त्या सगळ्याचा हिशेब याच विषयात दडलेला आहे.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला माणूस. आमच्याकडे दोन पंथ आहेत. पहिला जुना. आधी सगळं ठरवा, कागदावर आणा, सह्या घ्या, मग नकाशाप्रमाणे एकेक टप्पा पूर्ण करत शेवटापर्यंत जा. याला आम्ही ‘वॉटरफॉल’ म्हणतो, म्हणजे धबधबा, कारण पाणी एकदा खालच्या पायरीवर आलं की परत वर चढत नाही. दुसरा पंथ ‘अ‍ॅजाइल’चा. थोडं करा, वापरणाऱ्याला दाखवा, तो काय म्हणतो ते ऐका, सुधारा, मग पुढचं थोडं करा.

अंधेरीचा गोखले पूल आणि बर्फीवाला उड्डाणपूल यांच्यातल्या त्या प्रसिद्ध ‘पायरी’चे फोटो फिरत होते, तेव्हा माझ्या ओळखीतले बरेच आयटीवाले म्हणत होते, “सरकारी कामं अशीच होणार, सगळा वॉटरफॉल! यांना अ‍ॅजाइल शिकवायला हवं.” मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. त्या इतिहासातलं एक चांगलं पान तर आपल्या जुहूतच लिहिलं गेलंय.

धबधब्याची गोष्ट

आधी ठरवून मग करायचं, ही कल्पना कुणा एकाची नाही. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, तिथे चुकलेला दगड परत लावायची सोय नव्हती. पण ही पद्धत शास्त्र म्हणून बांधली गेली ती विसाव्या शतकात, कारखान्यांत आणि लष्करात. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या आसपास आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला: कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार. आज कुठल्याही कंत्राटदाराच्या साइट ऑफिसात भिंतीवर तोच तक्ता दिसतो. पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँ या रसायन कंपनीत आणि अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात आणखी एक हत्यार तयार झालं. हजारो कामांपैकी कुठल्या साखळीतला उशीर सगळ्या प्रकल्पाला उशीर करतो, हे त्यावरून आधीच काढता येऊ लागलं.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हे उचललं. १९७० साली विन्स्टन रॉइस नावाच्या अभियंत्याने एक निबंध लिहिला. त्यात पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी एक आकृती होती: गरजा, आराखडा, बांधणी, चाचणी, वापर. ती आकृती जगभर गाजली. गंमत अशी, की ‘वॉटरफॉल’ हा शब्द त्या निबंधात नाहीच. शिवाय आकृती दाखवून रॉइस लगेच सांगतो की हे असंच्या असं केलं तर धोका आहे, कारण चाचणी सगळ्यात शेवटी येते आणि चूक तिथे सापडली तर पार वरपर्यंत परत जावं लागतं. म्हणून एक छोटी आवृत्ती आधी करून बघा, गिऱ्हाइकाला मधल्या टप्प्यांवर सामील करून घ्या, असंही त्याने लिहिलंय. लोकांनी आकृती घेतली आणि इशारा तिथेच सोडला.

सतरा जणांचं पत्रक

दुसऱ्या पंथाची मुळं जपानच्या कारखान्यांत आहेत. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्या नवी वस्तू कशा तयार करतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की हे लोक रिले शर्यतीसारखे धावत नाहीत, की एकाने काठी दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो मोकळा झाला. हे रग्बीसारखे खेळतात, सगळा संघ एकत्र पुढे सरकतो, चेंडू मागेपुढे फिरत राहतो. ‘स्क्रम’ हा शब्द आमच्याकडे तिथून आला.

मग फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक छोटं पत्रक काढलं. चार मूल्यं, बारा तत्त्वं. प्रक्रियेपेक्षा माणसं, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाशी सहकार्य, आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं. याच्या खाली त्यांनी एक वाक्य घातलंय, जे फार थोडे वाचतात. त्याचा आशय असा, की मागे ठेवलेल्या गोष्टींनाही किंमत आहे, आम्ही फक्त पुढे ठेवलेल्यांना जास्त किंमत देतो. म्हणजे आराखडा फेकून द्या, असं अ‍ॅजाइलच्या जन्मदात्यांनीही म्हटलेलं नाही.

थोडक्यात, दोन्ही पंथांचे मूळ ग्रंथ शहाणे आहेत. घोळ भक्तांनी घातला. मी अशा ऑफिसात काम केलंय, जिथे रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक पाऊण तास चालायची, दर दोन आठवड्यांना ‘स्प्रिंट’ संपायचा, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लागलेल्या असायच्या. आणि तरी काय करायचं, कधी करायचं, कितीत करायचं हे सगळं आठ महिने आधीच करारात बंद झालेलं असायचं. नाव अ‍ॅजाइलचं, अंगात धबधबा. उलटंही पाहिलंय. “आम्ही अ‍ॅजाइल आहोत” म्हणत कुणीच काही लिहून ठेवत नव्हतं, आणि तीन महिन्यांनी कोणी कोणाला काय कबूल केलं होतं हे सांगणारा माणूस उरला नव्हता.

जुहूचा चिखल, १९३२

आता आपल्या गावात येऊ. जुहूचा विमानतळ १९२८ चा, देशातला पहिला नागरी विमानतळ म्हणून तो ओळखला जातो. आज तिथून हेलिकॉप्टरं उडतात. पण विमानतळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं तिथे तेव्हा काही नव्हतं. समुद्राकाठची खाजणासारखी सपाट जमीन, ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली झोपडी, आणि पावसाळ्यात सगळीकडे पाणी.

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक १९२९ मध्ये टाटांकडे एक योजना घेऊन आला. लंडनचं टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत पोचत होतं. तिथून ते विमानानेच मुंबई आणि मद्रासला न्यायचं, अशी ती योजना. जे. आर. डी. टाटा तेव्हा पंचविशीत होते, त्याच वर्षी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता. त्यांनी ही योजना उचलून धरली. दोराबजी टाटांनी दोन लाख रुपये घालायला होकार दिला. पण सरकारशी बोलणी तीन वर्षं रखडली. मंदीचे दिवस होते, अनुदान द्यायला सरकार तयार नव्हतं. शेवटी अनुदानाचा हट्ट सोडून टाटांनी एप्रिल १९३२ मध्ये करार केला.

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ या छोट्या, एका इंजिनाच्या विमानातून निघाले, अहमदाबादला उतरले. तिथे इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी ते जुहूला पोचले. जुहूहून व्हिन्सेंट पुढे बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेला. भारतातल्या नियमित हवाई सेवेची सुरुवात ही अशी झाली.

या कंपनीकडे त्या वेळी काय होतं बघा. दोन विमानं. मूठभर वैमानिक, मूठभर मेकॅनिक. वाटेत रेडिओ नाही, दिशा दाखवणारी यंत्रणा नाही. सेवा आठवड्यातून एकदा. आधी दहा विमानं घेऊ, चांगली धावपट्टी बांधू, मोठी इमारत उभारू, मग उड्डाण करू, असं ते म्हणाले असते तर १९३२ काय, १९३८ ही उजाडलं नसतं. हातात आहे तेवढ्यावर सुरू केलं आणि सेवा चालवता चालवता शिकत गेले. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९३५ मध्ये, गोवा आणि कण्णूरवरून त्रिवेंद्रमची सेवा जोडली. नोव्हेंबर १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरवरून दिल्ली. एक मार्ग चालवून बघायचा, पैसे आणि अनुभव गाठीला बांधायचा, मग पुढचा.

आणि पावसाळा? पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जायची. मग ही मंडळी विमानं, वैमानिक, मेकॅनिक, अवजारं असं सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला न्यायची आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावरून विमानं उडवायची. पाऊस ओसरला की परत जुहू. आमच्या धंद्यातला कुणीही हे ऐकून म्हणेल, “अरे, हे तर शुद्ध अ‍ॅजाइल!”

पण थांबा

इथेच मला मित्रांशी वाद घालावासा वाटतो. या कथेचा अर्धाच भाग अ‍ॅजाइलचा आहे.

टाटांच्या टपालसेवेत एक गोष्ट अजिबात सैल नव्हती: वेळ. इम्पीरियल एअरवेजच्या विमानाला कराचीत गाठ घालायची म्हणजे घालायची. पावसाळा असो, वारा असो. पहिल्या वर्षात या विमानांनी सुमारे १,६०,००० मैल कापले, १५५ प्रवासी नेले आणि वेळापत्रक असं पाळलं की सरकारच्या नागरी हवाई खात्याने त्यांच्या शंभर टक्के वक्तशीरपणाचं कौतुक आपल्या अहवालात केलं. तेही अशा काळात, जेव्हा सह्याद्रीवरून जाताना ढगांत डोंगर कुठे आहे हे सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणजे पाहा, त्यांनी एक गोष्ट घट्ट धरली होती. टपाल ठरल्या दिवशी पोचलं पाहिजे. आणि त्या एका गोष्टीसाठी बाकी सगळं सैल सोडलं होतं. जागा सैल, जुहू नाही तर पुणे. इंधन सैल, टँकर नाही तर बैलगाडी.

गणेशोत्सव मंडळात काम केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. चतुर्थीची तारीख कुणाच्या बापाला पुढे ढकलता येत नाही. विसर्जनाला जुहूच्या चौपाटीवर कधी पोचायचं तेही ठरलेलं. पण मंडपाचा खांब इकडे की तिकडे, वर्गणी कमी पडली तर देखाव्यात काय गाळायचं, पाऊस आला तर मिरवणूक कुठल्या गल्लीतून न्यायची, हे रोज बदलतं. बदलता येतं म्हणूनच तारीख पाळली जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे. पारंपरिक की अ‍ॅजाइल, हा प्रश्नच चुकीचा आहे. घट्ट काय धरायचं आणि सैल काय सोडायचं, हा खरा प्रश्न आहे. आणि हे ठरवताना आधी बघायचं, की कुठली गोष्ट नंतर बदलणं स्वस्त आहे आणि कुठली महाग.

काँक्रीट आलं की हिशेब बदलतो

जुहूची धावपट्टी सोडून पुण्याला जाणं स्वस्त होतं, कारण जुहूत फारसं काही बांधलेलंच नव्हतं. झोपडी सोडायला कितीसा जीव तुटणार? पण ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते जुहूहून नव्हे, सांताक्रूझहून. चार इंजिनांचं ते धूड चिखलाच्या मैदानावरून उडणं शक्यच नव्हतं. त्याला लांब, भक्कम, पक्की धावपट्टी लागते. अशी धावपट्टी “थोडी बांधू, विमान उतरवून बघू, मग पुढची बांधू” अशा पद्धतीने बांधत नाहीत. तिथे माती तपासावी लागते, वाऱ्याची दिशा अभ्यासावी लागते, लांबी आधी ठरवावी लागते. तिथे गँटचा तक्ताच हवा.

आणि एकदा बांधलं की ते पिढ्यान्‌पिढ्या बसतं. जुहूच्या धावपट्टीचंच बघा. चिखलात सुरू झालेली ती गोष्ट आज आपल्या इमारतींची उंची ठरवते. विमानांच्या मार्गात येतात म्हणून जुहू, विलेपार्ले, सांताक्रूझमधल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास अडलेला आहे. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा, १९२८ सालचा निर्णय २१ व्या शतकात किती महाग पडतो.

पण मोठं, काँक्रीटचं काम म्हणजे सगळंच आधी बांधून टाकलेलं, असंही नाही. कोकण रेल्वे आठवा. १९९० साली महामंडळ झालं, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. सातशे चाळीस किलोमीटर, सह्याद्रीच्या कुशीतून, बोगदे आणि पूल. ई. श्रीधरन यांनी ऑफिसांत उलटी घड्याळं लावली होती, किती दिवस उरले ते दाखवणारी. म्हणजे तारीख घट्ट. पण सगळा मार्ग सात विभागांत वाटला होता आणि त्या त्या विभागाच्या मुख्य अभियंत्याकडे निर्णयाचे अधिकार होते. मार्गही एकदम नाही, तुकड्यातुकड्यांनी सुरू झाला. १९९३ मध्ये दक्षिणेत मंगळूर-उडुपी, त्याच वर्षी इकडे रोहा-वीर, मग खेड, मग सावंतवाडी. मऊ मातीच्या बोगद्यांनी छळ मांडला. पेडण्याच्या बोगद्याने तर वर्षानुवर्षं दमवलं. नकाशात दिसलेली माती आणि डोंगरात सापडलेली माती एक नव्हती, म्हणून पद्धत जागेवर बदलावी लागली. पण ती बदलायला दर वेळी दिल्लीची वाट बघावी लागली असती तर आपले चाकरमानी अजून एसटीनेच गणपतीला गेले असते.

बर्फीवाल्याची पायरी

आता आपल्या दाराशी. अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल १९७५ चा. ३ जुलै २०१८ ला भर पावसात त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. पुढे पूल धोकादायक ठरून नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. पाडकाम पश्चिम रेल्वेने केलं, नव्याने बांधायचं काम महापालिकेचं, रुळांवरच्या भागाला रेल्वेची मंजुरी. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू खुली झाली आणि सगळ्यांना दिसलं, की जुहूकडून येणारा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल खाली राहिलाय आणि नवा गोखले पूल सुमारे दीड मीटर वर आहे. आधी हे दोन पूल एकमेकांना जोडलेले होते. आता मध्ये कड्यासारखा तुटलेला भाग.

विनोद पुष्कळ झाले, मीही हसलो. पण यात ‘येड्यांचा बाजार’ एवढंच नव्हतं. पुलाची उंची वाढली ती रेल्वेच्या नव्या निकषामुळे. रुळांवर पूर्वीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडायची होती. म्हणजे गोखले पुलाचा नकाशा त्याच्या जागी बरोबर. बर्फीवाला पूल त्याच्या जागी बरोबर, तो तर आधीपासून उभाच होता. दोन्हीमधला सांधा मात्र उद्घाटनाच्या दिवशी कुणाच्याच ताटात नव्हता. उंची वाढणार हे कागदावर होतं, पण मग जोडायचं कसं, याचं उत्तर तयार नव्हतं.

हे वॉटरफॉलमुळे झालं का? मुळीच नाही. पारंपरिक पद्धतीत, ती नीट पाळली तर, दोन कामं जिथे भेटतात त्या जागेची वेगळी यादी करतात. त्या जागेला एक मालक नेमतात, आणि एका बाजूने काही बदललं की दुसऱ्या बाजूला कळवल्याशिवाय बदल मंजूर होत नाही. हे या शास्त्रातलं अगदी पहिल्या इयत्तेतलं आहे. आणि अ‍ॅजाइलने हे वाचलं असतं का? रोज सकाळी उभ्याने बैठक घेतली असती, पण बैठकीला गोखल्याचीच माणसं असती आणि बर्फीवाल्याचं कुणीच नसतं, तर काय फरक पडला असता?

टाटांच्या टपालसेवेशी ताडून बघा. तिथे घट्ट धरलेली गोष्ट होती टपाल पोचणं. इथे घट्ट काय होतं? निविदेतलं काम, मंजूर नकाशा, हद्द. आणि सैल काय राहिलं? जुहूच्या माणसाने गाडी घेऊन अंधेरी पूर्वेला जाणं. जे पोचायला हवं तेच सैल सुटलं.

पुढचा भागही सांगायला हवा, नाहीतर अन्याय होईल. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला. बर्फीवाला पूल पाडायची गरज नाही, जॅक लावून उचलता येईल, असं ठरलं. मग तो हळूहळू, मोजून मापून, एका बाजूला १३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलला. ४ जुलै २०२४ ला जोड खुला झाला. पहिल्या उद्घाटनानंतर सव्वाचार महिन्यांत. उभा पूल उचलणं हे कौशल्याचं काम आहे, त्या अभियंत्यांना आणि कामगारांना नमस्कारच केला पाहिजे. गोखले पूल दोन्ही बाजूंनी पूर्ण सुरू व्हायला ११ मे २०२५ उजाडला. पण पुलाला जॅक लावण्याआधी कागदावर रेघ वर सरकवणं कितीतरी स्वस्त पडलं असतं, हे कुणीही कबूल करेल.

वरळीचा खांब

अजून एक उदाहरण, थोडं दक्षिणेचं. सागरी किनारा रस्ता वरळीला सागरी सेतूला जिथे मिळतो, तिथे वरळी कोळीवाड्याच्या बोटींची समुद्रात जायची वाट आहे. मूळ आराखड्यात तिथल्या खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. कोळी बांधव म्हणाले, वारा आणि लाटा असताना एवढ्या फटीतून बोट नेणं म्हणजे जिवाशी खेळ. आंदोलनं झाली, काम थांबलं, वाद चालला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं मान्य झालं.

आमच्या भाषेत सांगायचं तर वापरणाऱ्याचं म्हणणं आराखडा पक्का झाल्यावर ऐकलं गेलं. ते ऐकलं गेलं ही चांगलीच गोष्ट. पण कोळ्याला ती वाट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याला कागदाच्या वेळी विचारायला एक सकाळ आणि एक बोट पुरली असती.

आता आपली पाळी

हे सगळं आत्ता का लिहितोय? कारण वर्सोवा-वांद्रे सागरी सेतू येतोय आणि त्याचा एक जोड आपल्या जुहू कोळीवाड्यापाशी उतरणार आहे. डी. एन. नगरकडून मंडाळ्याला जाणारी मेट्रो २ ब आपल्याच भागातून जाते. म्हणजे येत्या वर्षांत आपल्याकडे सांधेच सांधे असणार आहेत: पूल आणि रस्ता, मेट्रोचं स्टेशन आणि फुटपाथ, समुद्रातले खांब आणि कोळ्यांची वाट, नाला आणि नवं काँक्रीट. प्रत्येक सांध्यावर दोन वेगळ्या यंत्रणा.

अशा वेळी आपण नागरिक दोनच गोष्टी बोलतो. एक, “लवकर करा”. दोन, “कसलं प्लॅनिंग नाही यांचं”. दोन्ही निरुपयोगी आहेत. के पश्चिम विभागाच्या कार्यालयात, सुनावणीत, नाहीतर मतं मागायला दारात आलेल्या उमेदवाराला, मी आता तीन प्रश्न विचारणार आहे. तुम्हीही विचारा.

पहिला: या कामात शेवटी कोण, कुठून, कुठे पोचलं पाहिजे? ते एका वाक्यात सांगा, आणि ते वाक्य बदलणार नाही असंही सांगा. किती मीटर बांधलं, किती टक्के झालं, हे नंतर.

दुसरा: तुमचं काम दुसऱ्या कुणाच्या कामाला जिथे मिळतं त्या जागा कुठल्या, आणि त्या प्रत्येक जागेला जबाबदार माणूस कोण? माणूस, खातं नव्हे.

तिसरा: काँक्रीट पडण्याआधी, अजून सगळं रेघांतच असताना, इथल्या कुणाकुणाला नकाशा दाखवला? कोळ्याला? फेरीवाल्याला? शाळेच्या बसवाल्याला? रोज तिथून चालणाऱ्या आजीला?

यातला पहिला प्रश्न पारंपरिक पद्धतीचा, तिसरा अ‍ॅजाइलचा, आणि मधला दोन्हींच्या मधल्या सांध्याचा. त्यासाठी मॅनेजमेंटची पदवी लागत नाही.

तुमच्या गल्लीत असा कुठला ‘सांधा’ आहे, जो आज कुणाच्याच ताटात नाही? स्टेशनबाहेरचा, नाल्यावरचा, पुलाखालचा, कुठलाही. खाली लिहा, फोटो असेल तर टाका, जागा नीट सांगा. मी यादी करतो आणि आपण चारचौघे मिळून ती विभाग कार्यालयात नेऊन देऊ. अजून रेघा पुसता येण्याजोग्या आहेत तोवर.